रुमाल टाकलेली ओळ

पन्नास रुपयांचं ताट जेवायचं असेल, तर आधी आपली आई आठवायची, असा आक्कांच्या खानावळीचा नियम होता. पाटीवर तो लिहिलेला नव्हता. पाटीवर फक्त भाकरी, दोन भाज्या, आमटी, भात आणि ‘दिवस मावळल्यावर जेवण मिळणार नाही’ एवढंच होतं. आक्का जैन घरातल्या. अंधार पडला की चूल बंद, मग दारात कुणीही येवो.

आईचा नियम कळायचा तो पैसे देताना. दाराजवळ लोखंडी खुर्ची टाकून आक्का बसलेल्या असायच्या. चष्म्याला दोरी. मांडीवर मेथीची जुडी नाहीतर लसणाच्या पाकळ्या. शेजारच्या स्टुलावर प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली पन्नासाची कोरी नोट, मागची बाजू वर करून. तुम्ही पैसे पुढं केले की त्या हात पुढं करायच्या नाहीत. विचारायच्या, “आय मीठ आणायला धाडायची, तवा पन्नासला काय म्हणायची?”

नवीन माणूस गांगरायचा. काहींना वाटायचं, म्हातारीला कमी ऐकू येतंय. ते मोठ्यानं ‘पन्नास’ म्हणायचे. आक्का मान हलवायच्या. “तुझं नगं. आयचं सांग.”

मी राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहून बी. कॉम. करत होते. नेसरीजवळचं माझं गाव. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अभिमानानं सांगते आणि पुन्हा पुन्हा सांगते. ज्यांच्या घरात चार पिढ्या पदव्या आहेत त्यांना त्याचा कंटाळा येत असेल तर येऊ दे. आक्कांकडं मी तीन वर्षं जेवले. आज मी नोकरी करते, दिवसभर लोकांच्या नोटा हातात घेते, पण नोटेची मागची बाजू वाचायला शिकवलं ते आक्कांनी.

तोवर मी ती कधी वाचली नव्हती. मागं एक चौकट असते. तिच्यात पंधरा ओळी. प्रत्येक ओळीत तेच पन्नास रुपये, वेगवेगळ्या भाषेत. आक्कांच्या पन्नासाच्या नोटेवर हंपीचा रथ होता, म्हणून ती नोट त्यांना ‘आमच्याकडची’ वाटायची. त्यांचं माहेर चिक्कोडीच्या बाजूचं. त्या घरात कानडी, चुलीपाशी कानडी, चौथीपर्यंतची शाळाही कानडी. नंतरची पन्नास वर्षं मराठीत गेली तरी मुलींना त्या ‘तंगी’ म्हणायच्या आणि मुलांना ‘तम्मा’. तंगी म्हणजे धाकटी बहीण. पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, माझ्या पैशाच्या तंगीवर बोलतायत.

या पंधरा ओळी माणसांच्या तोंडून ऐकून एका कागदावर उतरवायच्या, हा आक्कांचा उद्योग. पुस्तकातून घ्यायच्या नाहीत, मोबाइलवर शोधायच्या नाहीत. ज्यानं त्या भाषेत मीठ आणलंय, त्याच्याच तोंडून घ्यायच्या. कागद भिंतीला चिकटवलेला होता, देवाच्या कॅलेंडरशेजारी. सगळ्या भाषा आक्कांनी कानडी अक्षरांत लिहिलेल्या, कारण दुसरी अक्षरं त्यांच्या हाताला बसलेली नव्हती. त्यामुळं बंगाली असो की पंजाबी, आम्हाला तो सगळा कागद सारखाच गोल गोल दिसायचा.

कोल्हापुरात राहून त्यांना माणसांची वाण नव्हती. अंबाबाईला येणारे तेलुगू लोक राजारामपुरीत लॉजवर उतरायचे. त्यांच्यातल्या एका नऊवारीसारखं नेसलेल्या बाईनं ‘याभै रूपायलु’ सांगितलं, तर आक्कांनी तिला आमटीचा दुसरा वाडगा पाजला. बंगाली सांगितली गुजरीत सोन्याचं काम करणाऱ्या एकानं, ओडिया एका हॉटेलातल्या आचाऱ्यानं. पंजाबी कुणी येईना, तेव्हा भाच्याच्या स्कूटरवर बसून त्या हायवेच्या ढाब्यावर गेल्या आणि ट्रकवाल्याला खाटेवरून उठवलं. काश्मिरीला दोन हिवाळे लागले. शाली विकणारा आला, त्यानं सांगितलंही, पण आक्कांना संशय आला की हा गिऱ्हाईक म्हणून आपल्याशी हिंदीच बोलतोय. पुढच्या वर्षी त्याला घरी आईला फोन लावायला लावला आणि तिनं सांगितल्यावर मगच लिहिलं.

संस्कृतची गंमत झाली. एक गुरुजी जेवायला आले होते, त्यांनी छान खड्या आवाजात म्हणून दाखवलं. आक्कांनी विचारलं, आई मीठ आणायला असंच सांगायची का? गुरुजी मोकळ्या मनाचे. हसले, म्हणाले, नाही हो, आई चिपळूणची, ती कुठलं संस्कृत बोलते. आक्कांनी त्या ओळीवर आडवी रेघ मारली. म्हणाल्या, ती आजी हाय, ती बाजारला जात न्हाय.

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना बऱ्याचदा विचारलं. दर वेळी वेगळं उत्तर. एकदा म्हणाल्या, मालक एस.टी.वर ड्रायव्हर होते, हैदराबादच्या गाडीवर जायचे, दर खेपेला तिकडचा एक शब्द आणायचे, ती खोड लागली. एकदा म्हणाल्या, टीव्ही बिघडलाय म्हणून. एकदा तर मलाच विचारलं, तू कॉलेजला कशासाठी जातीस?

पण खरं कुतूहल त्यांच्या प्रश्नांत दिसायचं. इकडं रुपया, खाली दक्षिणेत रूपाय, रूबा, पण पूर्वेला गेलं की टाका, टंका, टोका. म्हणजे रेल्वेत बसून पूर्वेला निघालं, तर कुठल्यातरी स्टेशनावर रुपया उतरतो आणि टाका चढतो. नेमकं कुठलं स्टेशन? हे त्यांनी एका बिहारी गवंड्याला तासभर विचारलं. तो बिचारा सांगत होता, हमारे यहाँ रुपइया. आक्का म्हणत होत्या, ते कळलं, पण शेजारच्या गावात? आणि त्याच्या शेजारच्या? शेवटी तो उठून गेला. मला मात्र त्या रात्री कॉटवर पडल्या पडल्या तेच स्टेशन दिसत राहिलं. एका फलाटावर ‘रुपया’ म्हणून चहा घ्यायचा, आणि गाडी सुटल्यावर पुढच्या फलाटावर ‘टाका’. मधल्या रुळांच्या कडेला जी माणसं राहतात, ती काय म्हणत असतील? मी बी. कॉम.ची. चलनाची व्याख्या तोंडपाठ होती. पण हा प्रश्न आमच्या कुठल्याच पेपरात नव्हता.

आता त्या कागदातल्या भोकाबद्दल.

नोटेवरच्या त्या चौकटीत मराठी बरोबर मध्ये येते. सात ओळी वर, सात खाली. आक्कांच्या कागदावर माझ्या दुसऱ्या वर्षापर्यंत बाकी सगळं भरलं, आणि मधली ओळ कोरी राहिली. कोल्हापुरात, जिथं दारात उभं राहून हाक मारली तर पन्नास मराठी माणसं वळतील, तिथं मराठीचीच ओळ कोरी. गारगोटीचा एक मुलगा आमच्याबरोबर जेवायचा, आवाजानं दांडगा. तो एकदा म्हणाला, आक्का, मी सांगतो की, माझी आय ‘पन्नास रुपयं’ म्हणती, लिवा. आक्का लसूण सोलत म्हणाल्या, “त्या वळीवर रुमाल पडलाय.”

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा. कुणाचा रुमाल, असं त्यानं विचारलं. आक्कांनी लसणाचा हात माझ्याकडं केला.

मी तो रुमाल टाकला नव्हता. आक्कांनीच माझ्यासाठी टाकला होता, पहिल्या दिवशी. त्या दिवशी मी खानावळीच्या पायरीवर उभी राहून आईला फोन केला होता. जागा मिळाली, ताट मिळतंय, ताटाला किती पडतात तेही तिला समजेल असं सांगितलं, आणि फोन ठेवून आत गेले. जेवून पैसे देताना मात्र मी अगदी स्वच्छ म्हणाले, “पन्नास रुपये झाले ना?” आक्का म्हणाल्या, फोनवर येगळी बोलत हुतीस. तुझं मला पायजे. ते दिल्याबिगर तुझ्या वळीत दुसऱ्याला बसवत न्हाय.

मी दिलं नाही. तीन वर्षं नाही.

कारण सांगते. माझी आई शाळेत गेली नाही. दुसऱ्याच्या रानात भांगलायला, म्हणजे तण काढायला जाते, आणि मोजते ती विसावर. तिच्या तोंडात तो ‘इसा’. वीस म्हणजे एक इसा, चाळीस म्हणजे दोन इसा, शंभर म्हणजे पाच इसा. तिचा हिशेब कधी चुकत नाही. बाजारात व्यापारी चुकतो, ती नाही. मीही तसंच मोजायला शिकले. दुसरीत असताना गुरुजींनी फळ्यावर साठ लिहून विचारलं, हे किती? मी उभी राहून म्हणाले, तीन इसा. गुरुजी वाईट नव्हते, ते फक्त हसले. पण गुरुजी हसले म्हणजे वर्गाला परवानगी मिळाली. सातवीपर्यंत माझं नाव ‘इसाबाई’ होतं. त्यात आमचं घर गावाच्या ज्या टोकाला होतं, तिथल्या पोरांच्या बोलण्याला हसायची गावाला तशीही सवय होती. आज्ज्यानं छप्पन साली धर्म बदलला, नवी वाट धरली, पण ती सवय काही बदलली नव्हती. मी ठरवलं, शिकायचं आणि असं बोलायचं की कुणाला हसायला जागाच मिळू नये. कोल्हापुरात आले तेव्हा माझं मराठी इस्त्री केलेलं होतं. आणि ही चांगल्या घरातली म्हातारी मला म्हणते, इस्त्री मोड. मला वाटलं, हिला आमच्या बोलीची मजा बघायची आहे, कागदावर लावून चार लोकांना दाखवायची आहे. स्पष्टच सांगते, मला तेव्हा त्यांचा राग होता. मी रोज ‘पन्नास रुपये’ म्हणायचे, त्या रोज ‘उद्या सांग’ म्हणायच्या आणि पैसे घ्यायच्या.

यात एक भानगड होती. आक्कांनी भाच्याला शब्द दिला होता की कागद पुरा झाला की ताट सत्तर करू. तोवर पन्नासच, कारण नोट पन्नासाची, ओळी पन्नासाच्या. मध्येच भाव बदलला तर लोक सत्तर सांगायला लागतील आणि कागद वाया जाईल. सिलिंडर वाढला, तेल वाढलं, राजारामपुरीत दुसरीकडं ताट ऐंशीला गेलं, आक्का पन्नासावर. सगळी पोरं माझ्यावर खूश. गारगोटीवाला मला दार उघडून द्यायचा. “ताई, डिग्री मिळंपर्यंत तोंड उघडायचं न्हाय बघा,” म्हणायचा. परीक्षेच्या दिवसांत पोरांनी मला वर्गणी काढून पेन घेऊन दिलं.

भाच्याचं मात्र तोंड उतरलेलं असायचं. तो गल्ल्याचं बघायचा. त्यानंच ते पैसे आले की बोलणारं यंत्र आणून ठेवलं. मोबाइलवरून पैसे दिले की ते हिंदीत मोठ्यानं आकडा सांगायचं. आक्कांनी दोन दिवस ते ऐकलं आणि विचारलं, याची आय कोण? भाचा म्हणाला, आत्ती, मशीन हाय ते, आय कुठली? मग याचं धरायचं न्हाय, असं म्हणून त्यांनी त्यावर स्टीलची परात पालथी घातली. तेव्हापासून ते परातीखालून गुदमरल्यासारखं बोलायचं, आणि माणसानं तोंडानं सांगितल्याशिवाय सुटका नव्हतीच.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एकदा भाच्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, भांडी घासायला येणारी बाई आत्तीनं बंद केलीया, परवडत न्हाय म्हणून. सगळी भांडी स्वतः घासतीया. तुम्ही एकदा काय ते सांगून टाका, मला इस्वास न्हाय त्या कागदावर, पण तिचा हाय.

दुसऱ्या दिवशी पैसे देताना मी आक्कांचे हात बघितले. भांड्यांच्या पावडरनं बोटांची कातडी फुटली होती, लसूण सोलताना त्या ओठ दाबत होत्या. मी ते बघितलं. आणि ‘पन्नास रुपये’च म्हणाले. ही गोष्ट सांगायला मला आजही जड जातं, पण सांगायची तर सगळी सांगावी.

मग जानेवारीत ती मुलगी आली. आमच्या गल्लीत नवीन ब्यूटी पार्लर झालं होतं, तिथं कामाला. मिझोरामची होती, ते नंतर कळलं. वीस-बावीसची असेल. कुणाशी बोलायची नाही, कोपऱ्यात बसून भात जेवायची. पहिल्यांदा पैसे द्यायला आली तेव्हा तिच्यामागं रांगेत मी, माझ्यामागं गारगोटीवाला. आक्कांनी आपल्या हिंदीत तिला विचारलं, माँ नमक लाने कू भेजती, तो पन्नास कू क्या बोलती? आणि सवयीनं नोटेचं पाकीट तिच्यापुढं केलं. तुझी ओळ दाखव.

त्या मुलीनं नोट घेतली. बोट वरच्या ओळीवर ठेवलं आणि एकेक ओळ खाली येत गेली. शेवटच्या ओळीवर थांबली. उलटून पुढची बाजू बघितली. परत मागची. मग नोट स्टुलावर ठेवून म्हणाली, “इसमें मेरा नहीं है.”

आक्कांना पटेना. त्यांनी नोट डोळ्यांजवळ नेली. इतकी वर्षं त्यांची समजूत होती की सगळा मुलूख त्या चौकटीत आहे, बसलाय एकदाचा. त्यांनी भाच्याला विचारलं, नोटेवर नसलेल्या किती हायत रे भाषा? तो मोबाइलवर बघून वाचायला लागला. नावं संपेनात. आक्का म्हणाल्या, ठेव ते.

 मग उठल्या, पेन घेतलं, आणि भिंतीवरच्या कागदात पंधराव्या ओळीच्या खाली, चौकटीच्या बाहेर, एक नवी रेघ ओढली. भाचा कळवळून म्हणाला, आत्ती, अशानं हे कधी पुरं व्हायचं? नोटेवरच न्हाय, तर कशाला लिवतीस?

“नोटेवर न्हाय म्हून काय तिला आय न्हाय?” आक्का म्हणाल्या. मग मुलीकडं वळून, “बोल, तंगी.”

मुलगी हळूच म्हणाली, “चेंग सॉमङा.” चेंग म्हणजे रुपये, ते आधी, पन्नास नंतर. आक्कांनी म्हणून बघितलं, चुकलं. परत म्हटलं, परत चुकलं. तिसऱ्यांदा ती मुलगी तोंडावर हात धरून हसली, आणि तिनं फोन काढून आईला लावला, व्हिडिओवर. पलीकडं डोंगरातल्या कुठल्यातरी स्वयंपाकघरात एक बाई दिसली, हातात पळी. मुलीनं तिला काहीतरी सांगितलं. त्या बाईनं आमच्या आक्कांकडं बघून सावकाश, मुलाला शिकवावं तसं, तो शब्द म्हटला. आक्कांनी म्हटला. ती हो म्हणाली असावी, कारण आक्का लिहायला वळल्या.

मग माझा नंबर आला. माझ्या हातात पन्नासाची नोट. मागं गारगोटीवाला कुजबुजला, ताई, दोनच महिने राहिल्यात. आक्कांनी मला विचारलंसुद्धा नाही. कागदाला टेकून उभ्या होत्या, पेन हातात तसंच. ती मुलगी अजून दाराशी फोनवर बोलत होती, मोठ्यानं, तिच्या भाषेत, आणि अख्खी खानावळ ऐकत होती. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

मी म्हणाले, “अडीच इसा रुपयं.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी वळून बघितलं नाही. माझं लक्ष आक्कांच्या हाताकडं होतं. त्यांनी मधल्या कोऱ्या ओळीवर पेन टेकवलं आणि न थांबता लिहिलं. जी बोली मी आयुष्यात कुठल्या कागदावर लिहिली नव्हती, ती माझ्यासमोर पहिल्यांदा लिहिली गेली, तीसुद्धा कानडी अक्षरांत. मला ती वाचता येत नव्हती. तरी मी बराच वेळ बघत राहिले.

आक्कांनी पेनाला टोपण लावलं, पैसे घेतले, आणि भाच्याला म्हणाल्या, उद्यापासनं सत्तर. भांडीवालीला निरोप धाड.

एका इसानं भाव वाढला. पोरांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला आणि गारगोटीवाल्यानं ते पेन परत मागितलं. मी दिलं नाही.

त्या संध्याकाळी कॉटवर बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी ‘अडीच इसा’ म्हटलं तेव्हा इसा म्हणजे काय, हे आक्कांनी विचारलंच नव्हतं. ‘सॉमङा’ त्यांनी तीनदा म्हणून बघितला होता. माझं मात्र एका दमात लिहिलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी त्यांच्यापुढं उभी राहिले. भिंतीवर जुन्या कागदाशेजारी नवा कागद लागला होता, सत्तरचा, वरपासून खालपर्यंत कोरा.

“आक्का,” मी म्हणाले, “इसा म्हंजे किती, ते इचारलं न्हाय तुम्ही काल.”

“कशाला इचारू? पहिल्याच दिवशी पायरीवर उभं राहून सांगितलंस की आयला. अडीच इसाला ताट हाय म्हून.”

“तीन वरसं ठाऊक होतं? मग लिवलं का न्हाय?”

“आयला सांगितलंतीस. मला कुठं सांगितलंतीस?”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मी काही म्हणायच्या आधी हात पुढं केला.

“आण, साडेतीन इसा.”